साभार परत

कॉलेजात असताना मी कविता करीत असे. त्या काळी मासिकाकडे कविता धाडायची म्हणजे सोबत स्वतःचा पत्ता लिहून, तिकीट लावून एक पाकीट जोडावे लागे. थोडक्यात, परतीचे भाडेही आपणच आगाऊ भरायचे! आठ-पंधरा दिवसांत ते पाकीट इमानी जनावरासारखे घर शोधीत येई आणि आत छापील चिठ्ठी असे: 'साभार परत.'

तेव्हा त्या चिठ्ठीचा मला संताप येई. पण वाचकहो, त्यातला 'साभार' हा शब्द केवढा मोलाचा होता, हे मला यंदा गणपतीनंतर कळले.

मी राहतो बदलापुरास आणि शिकवतो उल्हासनगरच्या एका कॉलेजात. शिवकाळात या वाटेने जाणारे स्वार थकलेले घोडे इथे बदलून घेत, म्हणून हे बदलापूर, असे आमच्या गावात सांगतात. खरेखोटे इतिहासकार जाणोत. पण गावाने आपले नाव राखले आहे खास. आमच्या इमारतीत रोज संध्याकाळी अंबरनाथचा एक पोरगा पाठीवर भलीमोठी पिशवी घेऊन येतो. चार पुडकी देतो आणि तीन परत नेतो. कुणाच्या चपला चावलेल्या असतात, कुणाच्या पडद्याचा रंग भिंतीशी भांडत असतो. पहिल्या मजल्यावरच्या काकू तर एका साडीसाठी पाच साड्या मागवतात आणि कधीकधी पाचही परत करतात. 'घरबसल्या लक्ष्मी रोड' असे त्या या व्यवहाराला म्हणतात.

काकूंना मी मनातून हसत असे. पण हसण्याचा मला अधिकार नव्हता. गेल्या २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनानिमित्त एका समारंभाचे अध्यक्षपद माझ्याकडे आले. अध्यक्षाला शोभेलसे जाकीट घरात नव्हते. मी फोनवरून एक रेशमी जाकीट मागवले, त्याची किमतीची चिठ्ठी कॉलरच्या आत अलगद दडवली आणि ते घालून 'भाषा आणि सचोटी' या विषयावर चाळीस मिनिटे बोललो. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी जाकिटाची घडी घालून ते परत पाठवले. कारण विचारले होते. मी लिहिले, 'माप बसले नाही.' पैसे जसेच्या तसे परत आले. आपल्या चातुर्यावर मी खूष होतो. सौ. एवढेच म्हणाली, "जाकीट मापात बसलं नाही, की..." आणि वाक्य अर्धे सोडून ती कणीक मळायला गेली.

आता गणपतीनंतरची हकीकत. स्टेशनवर माझा एक जुना विद्यार्थी भेटला. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा, पण मराठी निबंध मन लावून लिहिणारा हा सिंधी मुलगा. "सर, कारखाना बघायला चला," म्हणून त्याने मला रिक्षात घालून पाच नंबरच्या कॅम्पात नेले. कारखाना म्हणजे दोन खोल्या, सहा यंत्रे आणि कुर्त्यांचे ढीग. फोनवरून मागणी येते आणि माल देशभर जातो.

उल्हासनगर हे मुळी उखडलेल्या माणसांनी वसवलेले गाव. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना जागा दिली गेली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजाजींच्या हस्ते या वसाहतीला हे नाव मिळाले. माझ्या विद्यार्थ्याचे आजोबा त्यांतलेच. खांद्यावर कापडाचा गठ्ठा घेऊन ते कल्याण-ठाण्याच्या गल्ल्या पायी हिंडले.

"आजोबा विकलेला कपडासुद्धा परत घ्यायचे, सर. म्हणायचे, माल परत आला तर गिऱ्हाईकही परत येतं."

"मग तू का कपाळाला हात लावून बसलास?"

"आजोबांकडे माणूस परत यायचा, सर. माझ्याकडे नुसतं पुडकं येतं."

असे म्हणून त्याने कोपऱ्यातला ढीग दाखवला. सारा परतीचा माल. जाण्यायेण्याचे भाडे अंगावर, पुन्हा इस्त्री, पुन्हा घडी. एका पुडक्यात कुर्त्याऐवजी जुने फडके निघाले होते. तेव्हापासून तो मोबाईलचा कॅमेरा चालू ठेवूनच पुडके बांधतो आणि उघडतो. माझ्यासमोर त्याने एक उघडले. कुर्ता होता, पण बाहीवर हळदीचा डाग आणि गळ्याशी पावडरीची रेघ. सोबतच्या कागदावर कारण होते, 'माप बसले नाही.'

"सर, असं कोण करत असेल हो?"

मी पाणी मागितले. दुसरे काय करणार?

पोरगा रडत बसणाऱ्यांतला मात्र नव्हे. परत आलेल्या प्रत्येक नगाचे कारण तो वहीत टिपतो. त्यावरून त्याला कळले, की निम्मी चूक आपलीच आहे. दिव्याच्या उजेडात काढलेल्या फोटोत मरून रंग लाल दिसत होता. आता तो फोटो उन्हात काढतो आणि छातीचे, बाहीचे माप इंचांत लिहितो. माल घरी आल्यावर पैसे देणाऱ्यांना आधी फोन करून विचारतो. किमतीची चिठ्ठी छातीवर, अशी समोर शिवतो की ती दडवून मिरवणे अशक्य!

कायदाही त्याला पाठ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष माल परत घ्यायला नकार देणे ही अनुचित प्रथा ठरवली आहे. २०२० च्या नियमांनुसार माल जाहिरातीप्रमाणे नसला किंवा ठरल्यापेक्षा उशिरा आला, तरी ऑनलाइन विक्रेत्याला तो परत घ्यावाच लागतो. "बरोबरच आहे, सर," तो म्हणाला. "दोष असला तर मी हात जोडून घेईन. पण हळदीला मिरवलेला कुर्ता कोणत्या कलमात बसतो?"

'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीखाली आपण वर्षे काढली. ती पाटी गेली हे चांगलेच झाले. पण तिच्याबरोबर दुकानदाराचा चेहराही गेला. त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून जे खोटे आपण कधी बोललो नसतो, ते आता अंगठ्याने बोलतो.

दिवाळीसाठी मी त्याच्याकडूनच एक कुर्ता मागवला. माप इंचांत लिहिलेले होते; मी ते वाचले नाही. बटणे पोटावर येऊन थबकली. मग कुर्ता नीट घडी करून पाठवला आणि सोबत हाताने चिठ्ठी लिहिली: 'कुर्ता नामी आहे, पोट माझे आहे. मापे न वाचता मागवला, ही माझी चूक. अंगाला लावून पाहिला, मिरवलेला नाही. साभार परत.'

तिसऱ्या दिवशी फोन आला. "सर, एक माप मोठा पाठवतो. आणि चिठ्ठी मी भिंतीला लावलीय."

राहता राहिले ते जाकीट. तो दुकानदार कोण, कुठला, मला ठाऊक नाही. त्याच्याही भिंतीमागे असेच कोणी कपाळाला हात लावून बसले असेल. हा अंक त्याच्या हाती पडलाच तर त्याने एवढे वाचावे: जाकीट मापात अगदी बरोबर बसले होते.