दारू एकाची, समुपदेशन घरभर का?

नवऱ्याला व्यसनमुक्ती केंद्रात दाखल करायचं, महिन्याभराने घरी आणायचं आणि 'सुधारला' म्हणायचं, अशी अनेक घरांची समजूत असते. पण तो परततो त्याच घरात. तिथे आई चोरून पैसे देते, बायको त्याच्या कामावर 'ताप आलाय' म्हणून फोन करते, मुलाने बापाशी बोलणं टाकलेलं असतं. कुटुंबोपचारात समुपदेशक दोषी शोधत नाही, रोज घडणारं हे सगळं पाहतो. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी त्रिकोणाची कल्पना मांडली. दोघांतला ताण वाढला की तिसऱ्याला, बऱ्याचदा मुलालाच, मध्ये ओढलं जातं.

हे परदेशी खूळ मात्र नव्हे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकात नातेवाइकांना रुग्णांसोबत आवारातल्या तंबूत राहायला बोलावलं होतं. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'मुक्तांगण'ने रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' गट चालवला. 'माझ्याच नशिबी हे' ही भावना अशा गटात सैल होते. औषधाच्या गोळीला ते जमत नाही.

एक पथ्य मात्र हवंच. घरात मारहाण होत असेल तर दोघांना एकत्र बसवणं घातक ठरू शकतं. खोलीत ती जे बोलेल, त्याची किंमत तिला घरी मोजावी लागते. तिच्याशी आधी स्वतंत्र बोलायला हवं. तिलाच 'जरा सांभाळून घ्या' सांगणारा समुपदेशक बदललेला बरा. सुरुवात कुठून करायची हे कळत नसेल, तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.