गाडी तिच्या नावावर, पण लायसन्स आहे का?

22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला. काही बँका महिलांना वाहनकर्जाच्या व्याजात किंचित सूटही देतात. मग ‘गाडी तुझ्याच नावावर घेऊ’ असे घरात ठरते. चांगलेच आहे. पण स्टिअरिंग नवऱ्याच्या हाती राहणार असेल, तर विमा नीट वाचा.

15 लाखांचे ‘ओनर-ड्रायव्हर’ अपघात संरक्षण आरसीवर नाव असलेल्या मालकालाच मिळते, तेही वैध लायसन्स असेल तर. तिची गाडी चालवताना नवरा दगावला, तर तिच्या पॉलिसीतल्या या संरक्षणाचे पैसे मिळत नाहीत. लायसन्स नसेल, तर तिलाही नाहीत.

हे शोरूममध्येच विचारा. समोर विक्रेती असेल तर बायका जास्त मोकळेपणी विचारतात. मात्र गिऱ्हाईक येते ऑफिस सुटल्यावर. राज्याच्या 2017 च्या दुकाने कायद्यानुसार महिला कर्मचाऱ्यांना रात्री साडेनऊनंतर थांबवायचे, तर त्यांची संमती आणि घरापर्यंत पोहोचवण्याची सोय लागते.

लर्निंग लायसन्स आधारवरून घरबसल्या निघते. पक्क्यासाठी 30 दिवसांनी चाचणी. विक्रोळीकरांचे आरटीओ वडाळ्याला.