जीपची प्लॅस्टिकची काच आणि थंडी

निफाडकडच्या मंडळींना पौषातली पहाट काय असते ते सांगायला नको. पारा कधी कधी दोन-तीन अंशांवर उतरतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. अशाच एका पहाटे भाजीचे क्रेट चढवायचे म्हणून आम्ही जीपच्या कापडी हूडचा मागचा पडदा घाईघाईने दुमडला. कट्‌कन आवाज झाला आणि पडद्यातली प्लॅस्टिकची काच घडीवर वीतभर चिरली.

दोष गाडीचा नव्हे, आमच्या घाईचा. ही काच पीव्हीसीची असते. ती लवचीक राहावी म्हणून तिच्यात तेलासारखा एक पदार्थ मिसळलेला असतो. तरीही गारठ्यात ती ताठरतेच. त्यातून वर्षानुवर्षे ऊन खाऊन तो पदार्थ कमी होतो, मग जुनी काच नव्यापेक्षा लवकर तडकते.

तेव्हा थंडीत पडदा उघडायचा तर जरा उन्हे वर येऊ द्या. गाडीची मागची बाजू पूर्वेकडे करून ठेवा. काच हाताला मऊ लागली, की मगच पडदा सैलसर गुंडाळा. घडी घालूच नका. गुंडाळताना आत जुन्या सुती लुगड्याचा तुकडा घाला, म्हणजे काचेवर काच घासत नाही. घाई झाली म्हणून वरून कढत पाणी मात्र ओतू नका.

काचेवर दहिवर साचले तर खरवडू नका आणि कोरड्या फडक्याने पुसूही नका. धुळीचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी भरपूर साधे पाणी सोडा, मग साबणाच्या पाण्यात भिजवलेले मऊ फडके हलक्या हाताने फिरवा. रॉकेल, पेट्रोल, थिनर यांचे नाव नको. आमच्या एका स्नेह्यांनी पेट्रोलने पुसून काच लख्ख केली होती. पुढे ती पांढरट पडली, ती पडलीच.

धुरकट काचेला आम्हीही फारसे मोजत नव्हतो. एकदा अंगणात गाडी मागे घेताना सूनबाई किंचाळली म्हणून ब्रेक दाबला. उतरून पाहतो तो चाकामागे धाकटा नातू मातीत खेळत बसलेला! त्याच आठवड्यात हूड शिवणाऱ्याकडे जाऊन काच बदलून घेतली. पूर्ण हूड बदलावे लागत नाही, जुना तुकडा उसवून नवा शिवून मिळतो.

काच आता स्वच्छ आहे. तरी गाडी मागे घेताना घरातले कोणीतरी खाली उतरून उभे राहते.