मोजपट्टी कोणाच्या हातात?

गेल्या थंडीत संघटनेच्या कामानिमित्त आम्ही वाराणसीला गेलो होतो. महानगरी एक्स्प्रेसने उतरलो. बैठकीच्या जागी सर्वांची सोय होत नव्हती, म्हणून आम्हा चौघांची व्यवस्था बालाजी घाटामागच्या गल्लीतील एका लॉजवर करण्यात आली. पेशव्यांच्या काळापासून मराठी माणसाचे पाय लागलेला हा भाग. जवळच जटार घाट, पलीकडे पंचगंगा, पुढे दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट. इथल्या जुन्या वाड्यांतून अजून मराठी बोलले जाते. घाटावरच्या बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी वर्षानुवर्षे सनईचा रियाज केला. आता याच गल्ल्यांमध्ये वाड्यांची हॉटेले होत आहेत. १३ डिसेंबर २०२१ रोजी काशी विश्वनाथ कॉरिडॉरचे उद्घाटन झाले, त्यानंतर यात्रेकरूंची गर्दी वाढली आणि खोलीला भाव आला.

लॉजच्या काउंटरवर रात्रपाळीला असलेले गृहस्थ मराठीच निघाले. घराणे कित्येक पिढ्यांपूर्वी कोकणातून काशीला आलेले. आमच्या छातीवरचा संघटनेचा बिल्ला पाहून त्यांनी चहा मागवला आणि काउंटरमागच्या भिंतीवर चिकटवलेला एक कागद दाखवला. मालकांनी कुठल्याशा सल्लागाराकडून तो करून घेतला होता. एका बाजूला त्यांच्या लॉजचे आकडे, दुसऱ्या बाजूला बँकॉक, सिंगापूर, क्वालालंपूर आणि जकार्ता येथील हॉटेलांचे. खाली लाल शाईत लिहिले होते: आपण कुठे कमी पडतो?

ते म्हणाले, "भाऊसाहेब, आकडे मला वाचता येतात. पण या कागदात मी कुठे आहे, ते काही सापडत नाही."

हा प्रश्न घेऊनच आम्ही परतलो. तो एका लॉजपुरता नाही, रेल्वे आणि टपाल खात्यातील प्रत्येक कामगाराचा आहे, म्हणून या अंकात त्यावर लिहीत आहोत.

प्रथम हा कागद म्हणजे काय ते समजून घेऊ. हॉटेलची खोली ही रेल्वेच्या बर्थसारखी असते. आज रात्री रिकामी गेली तर ती रात्र उद्या विकता येत नाही. म्हणून हॉटेलवाले तीन आकडे पाहतात. शंभरपैकी किती खोल्या भरल्या, हा पहिला. भरलेल्या खोलीला सरासरी भाडे किती मिळाले, हा दुसरा. भरलेली असो की रिकामी, प्रत्येक खोलीमागे उत्पन्न किती पडले, हा तिसरा, आणि मालक त्यालाच सर्वात जास्त मानतात. पुढे खर्च वजा करून खोलीमागे नफा काढतात. हिशेबाची एकसारखी पद्धत असावी म्हणून न्यूयॉर्कच्या हॉटेलमालकांच्या संघटनेने १९२६ साली नमुना ठरवून दिला. त्याच्या सुधारित आवृत्त्या आजही जगभर वापरतात. १९८५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या एका कंपनीने तर हॉटेलांकडून आकडे गोळा करायचे, त्यांची सरासरी काढायची आणि ती प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या आकड्याशेजारी ठेवून परत विकायची, असा धंदाच उभा केला. शेजाऱ्याचे स्वतंत्र आकडे कोणाला दिसत नाहीत, गटाची सरासरी तेवढी कळते. यालाच बेंचमार्किंग म्हणतात.

यात मुळात गैर काही नाही. दुकान चालवणाऱ्याला आपले दुकान कसे चालले आहे ते कळलेच पाहिजे. पण हिशेब कसा फसवतो, ते उदाहरणाने पाहू.

समजा, २० खोल्यांचा एक लॉज आहे. महिन्याच्या ३० दिवसांत ६०० खोली-रात्री होतात. त्यांपैकी ४२० विकल्या गेल्या, म्हणजे ७० टक्के. सरासरी भाडे १,५०० रुपये. एकूण उत्पन्न ६ लाख ३० हजार, म्हणजे प्रत्येक उपलब्ध खोलीमागे १,०५० रुपये. खोल्या साफ करायला सहा पोरे, प्रत्येकी १०,००० रुपये पगार.

आता मालकाने भाडे १,८०० केले. गिऱ्हाईक थोडे कमी झाले, ३९० खोल्याच गेल्या. उत्पन्न मात्र ७ लाख २ हजार झाले आणि खोलीमागे १,१७० रुपये पडले. त्याच वेळी सहापैकी दोघांना घरी पाठवले. कागदावर सगळेच सुधारले. पगाराचा वाटा उत्पन्नाच्या साडेनऊ टक्क्यांवरून पावणेसहा टक्क्यांच्याही खाली आला. सल्लागार शाबासकी देईल.

पण जो आकडा कागदावर नाही, तो आम्ही काढतो. पूर्वी एका पोराच्या वाट्याला महिन्याला ७० खोल्या येत होत्या. आता साडेसत्त्याण्णव येतात. लॉजमध्ये माणसे कमी उतरली, तरी काम करणाऱ्याचा बोजा जवळजवळ चाळीस टक्क्यांनी वाढला आणि पगार एक रुपयाने वाढला नाही. ही वाढलेली पाठदुखी कोणत्याच रकान्यात नाही. तिचे नाव तिथे 'कार्यक्षमता' असे आहे.

आता शहराशहरांची तुलना घ्या. सगळे आकडे डॉलरमध्ये आणल्याशिवाय बँकॉक आणि सिंगापूर शेजारी ठेवता येत नाहीत. २ जुलै १९९७ रोजी थायलंडने आपल्या बाट या चलनाचा बांधलेला दर सोडून दिला. त्याआधी डॉलरला सुमारे २५ बाट पडत, जानेवारी १९९८ मध्ये ५० हून अधिक पडू लागले. म्हणजे २,५०० बाट भाड्याची जी खोली तक्त्यात १०० डॉलरची होती, ती तेच भाडे घेऊनही ५० डॉलरच्या खाली गेली. चादर तीच, झाडू तोच, राबणारे हातही तेच. तक्त्यात मात्र हॉटेल निम्म्यावर आले! चलन बाजारात घसरते आणि जाब विचारला जातो मजुरीला. सिंगापूरचे पगार बँकॉकपेक्षा पुष्कळ जास्त आहेत, तरी सिंगापूरची हॉटेले बंद पडलेली नाहीत, कारण तिथे खोलीचे भाडेही जास्त आहे. तेव्हा 'पगार वाढला की धंदा बुडतो' हा निष्कर्ष त्याच तक्त्यात टिकत नाही.

त्या देशांतील कामगार मात्र या हिशेबाकडे नुसते पाहत बसलेले नाहीत. तिकडे हॉटेलच्या बिलावर साधारण दहा टक्के सेवाशुल्क लावण्याची पद्धत आहे. फिलिपाइन्समध्ये या रकमेचे ८५ टक्के कामगारांना आणि १५ टक्के व्यवस्थापनाला असा कायदा होता. २०१९ च्या नव्या कायद्याने व्यवस्थापकीय कर्मचारी वगळता पूर्ण १०० टक्के रक्कम कामगारांची ठरली. मलेशियात २०१३ साली किमान वेतन लागू झाले, तेव्हा काही हॉटेलमालकांनी सेवाशुल्काचेच पैसे पगारात मिसळून 'हे घ्या किमान वेतन' असे म्हटले. तिथल्या हॉटेल कामगारांच्या राष्ट्रीय संघटनेने हा वाद कोर्टात नेला. २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की सेवाशुल्काच्या रकमेतून किमान वेतन भरून काढता येणार नाही. आठ वर्षे लागली, पण हिशेबाचा एक रकाना संघटनेने बदलून घेतला. आपल्याकडे सेवाशुल्काची पद्धत वेगळी आहे. ग्राहकावर ते सक्तीने लादू नये असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये ठरवले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. म्हणून तिथले नियम आपल्याला जसेच्या तसे उचलता येणार नाहीत. पण तिथला धडा उचलता येईल.

मित्रहो, हॉटेलांची ही कथा आपल्याला परकी नाही. 'तोट्यात आहे, खासगीच्या तोडीचे नाही' असे म्हणत २००१-०२ च्या सुमारास सरकारने आपली हॉटेले विकायला काढली. त्यात वाराणसी अशोक होते आणि आपले औरंगाबाद अशोकही होते. मुंबई विमानतळाजवळचे सेंटॉर हॉटेल २००२ साली ८३ कोटींना विकले गेले आणि काही महिन्यांतच खरेदीदाराने तेच ११५ कोटींना पुढे विकले. ज्या मोजपट्टीने कामगाराला जड ठरवले, त्याच मोजपट्टीने इमारतीची किंमत मात्र नीट मोजली नाही! नागपूरच्या जुन्या मंडळींना बी.एन.आर. हे नाव आठवत असेल. त्या बंगाल नागपूर रेल्वेची पुरी आणि रांची येथील हॉटेलेही आयआरसीटीसीमार्फत खासगी चालकांच्या हाती गेली.

आणि आपले स्वतःचे काय? रेल्वेत या मोजपट्टीला ऑपरेटिंग रेशो म्हणतात: शंभर रुपये मिळवायला किती खर्च झाले. २०२१-२२ साली हा आकडा १०७.३९ होता, म्हणजे मिळकतीपेक्षा खर्च जास्त. तो वाचून वर्तमानपत्रे कर्मचाऱ्यांकडे बोट दाखवतात. पण प्रवासाला शंभर रुपये खर्च येत असताना प्रवाशाकडून सरासरी ५४ रुपयेच घेतले जातात, असे २०२४ मध्ये खुद्द रेल्वेमंत्र्यांनीच सांगितले. गरिबाला स्वस्त तिकीट मिळाले पाहिजे, याबद्दल आमचे दुमत नाही. मात्र ती सवलत आमच्या अकार्यक्षमतेच्या खात्यावर मांडू नका. १९९१ च्या सुमारास रेल्वेत साडेसोळा लाखांच्या आसपास कर्मचारी होते. आज ते बारा लाखांच्या आसपास आहेत. वर्क स्टडीवाले येतात, घड्याळ लावतात, पदे सरेंडर होतात, आणि राहिलेल्या गँगमनला लांबलेली बीट चालावी लागते. टपाल खात्यातही हेच. डोंगरातल्या वाडीवर मनीऑर्डर पोचवणाऱ्या शाखेची तुलना शहरातल्या कुरियरशी करतात आणि शाखा 'परवडत नाही' म्हणतात. खात्याचा गाडा ओढणारे अडीच लाखांच्या आसपास ग्रामीण डाक सेवक आजही नियमित कर्मचारी म्हणून मोजले जात नाहीत.

तर मग मोजणेच बंद करा, असे म्हणायचे का? नाही. आपला अनुभव वेगळे सांगतो. १९७४ च्या मे महिन्यातील संपात बोनस ही आपली एक प्रमुख मागणी होती. संप दडपला गेला, पण १९७९-८० पासून रेल्वेत उत्पादकतेशी निगडित बोनस आला आणि पुढे टपाल खात्यालाही मिळाला. त्यालाही मोजमापच लागते. फरक एवढाच, की त्या मोजमापाच्या शेवटी कामगाराचा वाटा लिहिलेला आहे. आज रेल्वेत ७८ दिवसांचा आणि टपालात ६० दिवसांचा बोनस मिळतो. अर्थात तिथेही मेख आहे. महिन्याला ७,००० रुपयांच्या मर्यादेवर हिशेब धरल्याने ७८ दिवसांचे जास्तीत जास्त १७,९५१ रुपये होतात. उत्पादकता आजची मोजायची आणि पगार मात्र कधीकाळचा धरायचा, हीसुद्धा मोजपट्टीचीच चलाखी आहे.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. हॉटेल असो, रेल्वे असो की टपाल, तुलनेच्या प्रत्येक तक्त्यात आणखी चार रकाने घातलेच पाहिजेत. कायम कामगार किती आणि कंत्राटी किती? एका माणसाच्या वाट्याला रोज काम किती आणि तास किती? शंभर रुपयांच्या उत्पन्नातून कामगाराच्या हाती किती पडले? वर्षभरात किती जण काम सोडून गेले? एवढे लिहा, मग बँकॉक काय आणि सिंगापूर काय, खुशाल तुलना करा. या चार रकान्यांशिवाय कोणी तक्ता पुढे केला, तर आपल्या शाखेने आपल्या हाताने ते भरून बैठकीत मांडावेत. त्यासाठी पदवी लागत नाही. हजेरीपट आणि साधा भागाकार पुरतो.

एक गोष्ट स्वतःलाही सांगायला हवी. पास काढून आपण काशी-रामेश्वर करतो, तेव्हा आपल्यालाही स्वस्त खोली आणि कोरी चादर हवी असते. ती चादर कोण बदलतो, हे आपण विचारत नाही. जुन्या काळी काशीत मराठी संस्थानिकांची अन्नछत्रे चालत. तिथला हिशेब 'किती पाने उठली' असा असे. पुण्य मालकाच्या नावे जमा होई, आचाऱ्याच्या घामाला तिथेही रकाना नव्हता. धर्मादायाने जे केले नाही, ते बाजार आपण होऊन करील, अशी आशा बाळगण्यात अर्थ नाही.

निघताना आम्ही त्या गृहस्थांना विचारले, नेमणूकपत्र आहे का? ते हसले. रोज बारा तास बसतात, आठवड्याची सुट्टी नाही, कागद कसलाच नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत. त्यांबद्दलचे आपले आक्षेप कायम आहेत, पण नेमणूकपत्राची तरतूद त्यांत आहे. कागदावरची तरतूद कामगाराच्या खिशात यायची तर संघटना लागते, आणि बालाजी घाटाच्या त्या गल्लीत संघटना नाही. आम्ही वाराणसीच्या आपल्या शाखेचा पत्ता त्यांना लिहून दिला आणि तिथल्या साथींनाही कळवले आहे. गल्लीतल्या सगळ्या लॉजमधील पोरांना एकत्र बसवायचे आहे, एवढेच त्यांना सांगितले.

भिंतीवरच्या त्या कागदात जो सापडत नव्हता, त्याचे नाव आधी संघटनेच्या वहीत चढू द्या. मग कागदावर रकाना पाडून घेता येईल.