पाणरेषा
वैशाखात मुळशी धरणाचे पाणी उतरू लागले की उघड्या पडलेल्या काठावर एकीखाली एक अशा पाणरेषांची तांबडी उतरंड दिसते, आणि पौडच्या कचेरीत पिकाची आणेवारी ठरावी तशी कलावंताच्या निर्मितीचीही प्रतवारी, आधी अनुकरण, मग प्रावीण्य, शेवटी सिद्धी, अशी लावून मोकळ्या होणाऱ्या समीक्षकांची मला हटकून आठवण होते. वासुदेव गायतोंडे यांना हा क्रम बव्हंशी लागू पडतो. १९४८ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून पदविका घेऊन बाहेर पडलेल्या या चित्रकाराने मानवाकृती हळूहळू टाकून दिल्या आणि रंगाचे थर चढवीत, खरवडीत, वर्षाकाठी मोजकीच चित्रे हातावेगळी केली. परंतु १८७६ साली पुण्यात जन्मलेल्या शिल्पकार गणपतराव म्हात्रे यांची आणेवारी कशी करावी? विद्यार्थिदशेतच, ऐन विशीच्या सुमारास, त्यांनी प्लास्टरमध्ये घडविलेली ‘मंदिरपथगामिनी’ जवळून पाहावी: नऊवारीच्या निऱ्यांआडून पुढे पडणाऱ्या पावलाचा भार असा काही जाणवतो की हे वस्त्र कापडाचे नव्हे, हे मनाला पटतच नाही. पुढे संस्थानिकांची आणि सार्वजनिक स्मारकांची कामे त्यांच्याकडे रीतसर चालत आली, मुंबईतील न्यायमूर्ती रानड्यांचा पुतळाही त्यांतलाच, हात उत्तरोत्तर सराईत होत गेला. पण ती पूजेला निघालेली पोर मात्र (माझे हे मत कोणास एकांगी वाटले तर वाटो) पुन्हा काही त्यांच्या दारावरून गेली नाही.