अवतरणचिन्हाचा अपराध कोणता?

निवृत्तीच्या काही वर्षे आधी गोव्यातील एका कार्यालयात जुन्या नोंदी संगणकावर चढविण्याचे काम माझ्या देखरेखीखाली चालले होते. रोमन लिपीत डिसोझा हे आडनाव लिहिताना ‘डी’ या अक्षरानंतर पुष्कळजण लोपचिन्ह देतात. असे नाव आले की संगणक नोंद नाकारी. प्रणाली पुरविणाऱ्यांचा सल्ला तत्काळ आला : ‘चिन्ह काढून टाका, मजकूर स्वच्छ होईल.’ आम्ही ते काढले. पुढे एकाच माणसाची दोन कागदपत्रे परस्परांशी जुळेनात आणि ‘मी तो मीच’ असे शपथपत्र करून देण्याची पाळी त्याच्यावर आली. त्या चुकीखाली माझीही सही आहे. म्हणूनच हे लिहीत आहे.

यंत्राची अडचण खरी आहे. प्रोग्रॅममध्ये मजकूर कोठे सुरू होतो व कोठे संपतो, हे अवतरणचिन्हाने दाखवितात. लोपचिन्ह आणि एकेरी अवतरणचिन्ह यांना कळफलकावर कळ एकच. ते मजकुरातच आले, की मजकूर तेथे संपला असे यंत्र समजते आणि उरलेली अक्षरे आज्ञा म्हणून वाचू लागते. कोणी दुष्ट हेतूने तेथे खरोखरच आज्ञा लिहिली, तर सारे दप्तर त्याच्या हाती जाऊ शकते. हा धोका १९९८ पासून जाहीर चर्चेत आहे.

परंतु उपायही जुनाच आहे. सी भाषेत चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ देतात. एसक्यूएलमध्ये तेच चिन्ह दोनदा लिहितात. याला ‘एस्केप करणे’ म्हणतात. चिन्ह राहते, त्याचा हुकूम मात्र चालत नाही. त्याहून उत्तम रीत म्हणजे आज्ञा आणि माहिती यंत्राकडे वेगवेगळ्या पाठविणे. मग माहितीत काहीही असो, ती आज्ञा होऊच शकत नाही. एस्केप करायचे तर योग्य जागी, आणि एकदाच. पीएचपी भाषेत बाहेरून येणाऱ्या मजकुरात आपोआप रेघा घालणारी ‘मॅजिक कोट्स’ नावाची सोय होती. रेघांवर रेघा चढून त्या वाचकाच्या पानावरही उमटू लागल्या. अखेर २०१२ मध्ये ५.४ या आवृत्तीतून ती सोयच काढून टाकण्यात आली.

दुसरा उपद्व्याप ‘सामान्यीकरणा’चा. १९६३ च्या आस्की संकेतावलीत उघडणाऱ्या व मिटणाऱ्या दुहेरी अवतरणाला एकच सरळ चिन्ह होते. युनिकोडने त्यांना स्वतंत्र स्थाने दिली. वर्ड प्रोसेसर सरळ चिन्हे आपणहून वळवितो. तसे वळलेले चिन्ह प्रोग्रॅमच्या आज्ञेत शिरले तर आज्ञा मोडते. तेथे ते सरळ करणे योग्यच. पण ती सबब पुढे करून लोकांच्या मजकुरातील चिन्हेही सरसकट सरळ करणे, किंवा गाळून टाकणे, हा अतिक्रम आहे. येथे युनिकोडचा हवाला कोणी देऊ नये. त्याच्या सामान्यीकरणाच्या चारही प्रमाणित रूपांत वक्र अवतरणचिन्हे जशीच्या तशी राहतात. शोध सुलभ व्हावा म्हणून सरळ केलेली प्रत हवी असेल, तर ती वेगळी ठेवा. मूळ नोंदीला हात लावू नका.

‘एवढ्याशा चिन्हाने काय बिघडते?’ असे विचारणाऱ्यांना माझा प्रतिप्रश्न आहे. चौकशीत साक्षीदाराचा जबाब लिहिताना त्याने दुसऱ्याचे म्हणून सांगितलेले शब्द अवतरणात ठेवावे लागतात. ते चिन्ह गाळले, की ऐकीव बोलणे साक्षीदाराचे स्वतःचे विधान ठरते. हे पाप कारकुनाने केले असते तर त्याच्यावर ठपका आला असता. मग प्रोग्रॅमरला मुभा का? मेजर थॉमस कँडी यांच्या खटाटोपाने एकोणिसाव्या शतकात मराठी गद्यात विरामचिन्हे रुळली. कोणते शब्द कोणाचे, हे वाचकाला कळावे यासाठी अवतरणचिन्ह आहे.

नाव ज्याचे त्याचे असते, वाक्यही ज्याचे त्याचे. यंत्राला ते पेलत नसेल, तर दुरुस्ती यंत्राची करावी, माणसाच्या नावाची नव्हे. यापुढे कोणतेही कार्यालय नवी प्रणाली स्वीकारील, तेव्हा पहिली चाचणी लोपचिन्ह असलेल्या नावाची घ्यावी. ते नाव जसे आत गेले तसेच बाहेर आले, तरच स्वीकृतीच्या कागदावर सही व्हावी. मी ती चाचणी न घेताच सही केली होती.