न दिसणाऱ्या कामाची मजुरी

मालमोटारीच्या मागच्या ॲक्सलची दुरुस्ती हा संपादकीय पानावर चर्चेस घेण्याजोगा विषय आहे काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. क्राऊन, पिनियन, हब, ऑईल सील हे शब्द गॅरेजमधले. महागाई, तूट आणि बँकदर हे शब्द अर्थशास्त्राच्या वर्गातले. परंतु आपला कांदा, साखर, सिमेंट आणि पोलाद ज्या चाकांवरून बाजारात येते ती चाके कशावर फिरतात याचा विचार न करता वाहतूकखर्चाची चर्चा करणे म्हणजे पाया न पाहता इमारतीचे मोजमाप घेण्यासारखे आहे.

जड मालमोटारीत सामान्यतः मालाचा भार ॲक्सलच्या पोकळ हाऊसिंगवर पडतो. आतील शाफ्ट केवळ चाक फिरविण्याचे काम करतो. हाऊसिंगच्या प्रत्येक टोकाला हब बसविलेला असतो आणि तो निमुळत्या रोलरच्या दोन बेअरिंगांवर फिरतो. चार टायरच्या एका ॲक्सलवरील भाराची कमाल मर्यादा केंद्र सरकारने २०१८ मध्ये १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. म्हणजे एका बाजूच्या दोन बेअरिंगांच्या वाट्याला सुमारे पावणेसहा टन आले. रोलर आणि त्याची बैठक यांच्यामध्ये वंगणाचा जो थर असतो तो केसापेक्षाही कितीतरी पातळ असतो. तो आहे तोवर पोलाद पोलादाला भिडत नाही. तो तुटला की बेअरिंग तापते, निळे पडते, रोलर धरून ठेवणारा केज मोडतो, आणि मग टायर पेट घेतो किंवा चाक हबासकट निखळते. घाटात निखळलेले चाक कोणाच्या अंगावर जाईल हे सांगता येत नाही.

हे वंगण बेअरिंगपर्यंत पोचविण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत ग्रीस हाताने भरावे लागते. जुने ग्रीस पूर्णपणे धुऊन काढावयाचे, बेअरिंग कोरडे करावयाचे, आणि मग केजच्या रुंद बाजूकडून ग्रीस दाबत राहावयाचे, ते दुसऱ्या बाजूने रोलरांच्या फटींतून बाहेर येईपर्यंत. वरून बोट फिरविल्याने बेअरिंग चकचकीत दिसते, भरलेले नसते. उलट, हबाची पोकळी ग्रीसने गच्च भरणे हेही अज्ञानच होय. ते घुसळले जाऊन तापते, सील ओलांडते आणि ब्रेकच्या लायनरवर उतरते. निरनिराळ्या जातींची ग्रीस एकमेकांत मिसळली तर ती पुष्कळदा पातळ होऊन वाहू लागतात. जुने ग्रीस धुऊन काढण्याचा आग्रह यासाठीच असतो.

दुसऱ्या पद्धतीत डिफरन्शियलमधील गिअर ऑईलच हाऊसिंगमधून वाहत हबापर्यंत जाते. येथे ग्रीस भरण्याचा त्रास नाही, पण फसगत अधिक आहे. ॲक्सल उघडून नवी बेअरिंग घातल्यावर मिस्त्री मधल्या भोकातून ऑईल भरतो, ते काठाशी आले की बूच लावतो आणि काम झाले असे समजतो. वस्तुतः ऑईल मध्यभागी असते आणि हब कोरडे असतात. पुढे वळणे आणि रस्त्याचे उतार येतील तेव्हा ते हळूहळू टोकांकडे सरकेल. तोपर्यंतचे सारे किलोमीटर नवे बेअरिंग कोरडे धावणार. म्हणून बसविण्यापूर्वीच बेअरिंग ऑईलने भिजवावयाचे, ऑईल भरल्यावर जॅकने ॲक्सलची एक बाजू उचलून मिनिटभर तशीच ठेवावयाची, मग दुसरी बाजू, आणि शेवटी गाडी सपाट जमिनीवर उभी करून मधली पातळी पुन्हा पाहावयाची. ती खाली गेलेली आढळते, कारण तेवढे ऑईल हबांत गेलेले असते. पंधरा-वीस मिनिटांचे हे काम आहे.

इतके स्वस्त काम टाळले का जाते? मिस्त्र्यांचा आळस, पोऱ्यांचे अज्ञान अशी उत्तरे आपल्याकडे तत्परतेने दिली जातात, आणि ती देणाऱ्यांनी स्वतः कधी हात काळे केलेले नसतात. मला त्यात फारसे तथ्य दिसत नाही. या गोष्टी ठाऊक असलेला मिस्त्रीसुद्धा त्या टाळतो, कारण त्यांचे मोल त्याला कोणी देत नाही.

मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये अशा सेवांचा विचार मांडला होता, ज्यांचा दर्जा ग्राहकाला विकत घेण्यापूर्वी तर कळत नाहीच, पण वापरल्यानंतरही बहुधा कळत नाही. अशा व्यवहारात केवळ विश्वासावर पैसे द्यावे लागतात, आणि नुसती स्पर्धा ग्राहकाचे पुरेसे रक्षण करू शकत नाही. बंद झालेला हब हे या वर्गाचे ठळक उदाहरण म्हणता येईल. नट आवळला, ड्रम चढला, चाक बसले की आत काय आहे हे मालकाला दिसत नाही. कोरडे धावलेले बेअरिंग त्याच दिवशी मोडत नाही. त्याच्या बैठकीवर सूक्ष्म ओरखडे पडतात आणि ते काही महिन्यांनी, तीनशे मैलांवरच्या दुसऱ्याच गावी जाते. तेव्हा दोष कोणाचा? माल निकृष्ट होता, भार जास्त होता, रस्ता खराब होता, ड्रायव्हरने गाडी दामटली. यातील प्रत्येक कारण संभाव्य असल्याने खरे कारण कधीच सिद्ध होत नाही.

आता मोबदल्याची पद्धत पाहा. ॲक्सल खोलून बांधण्याचे काम पुष्कळ ठिकाणी उक्ते दिले जाते. जो मिस्त्री बेअरिंग नीट धुतो त्याची संध्याकाळपर्यंत एक गाडी कमी होते. हा दंड त्याने चांगल्या कामासाठी भरावयाचा. मालकाच्या डोक्यावर कर्जाचा हप्ता असतो आणि गाडी उभी असलेला प्रत्येक दिवस त्याला खातो, म्हणून तो फाटकातूनच ‘आज सुटेल ना?’ असे विचारतो. ड्रायव्हरला खेपेवर पैसे मिळत असतील तर त्यालाही घाईच असते. तिघांपैकी कोणीही दुष्ट नाही. तिघांच्या शहाणपणाची बेरीज मात्र रस्त्याकडेला जळणाऱ्या हबात होते, आणि तिचा भुर्दंड मागून येणारा मोटारसायकलस्वारही भरतो, ज्याचा या सौद्याशी काडीचा संबंध नसतो.

सरकारी तपासणी हे सारे पकडील अशी आशा करण्यात अर्थ नाही. व्यापारी वाहनाला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी व नंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. ब्रेक, दिवे, धूर ही तपासणी आवश्यकच आहे. पण ती हब उघडून पाहात नाही, आणि प्रत्येक गाडीचा हब उघडणे व्यवहार्यही नाही.

वंगणाच्या हयगयीची राष्ट्रीय किंमत काढण्याचा प्रसिद्ध प्रयत्न ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीने केला. १९६६ च्या तिच्या अहवालाने वर्षाला ५१ कोटी ५० लाख पौंडांची बचत शक्य असल्याचा अंदाज दिला. त्यात घर्षणाने वाया जाणाऱ्या ऊर्जेचा वाटा अगदी लहान होता. सर्वांत मोठा वाटा देखभाल आणि सुटे भाग यांचा होता. आपल्याकडे डिझेलच्या दरावर अखंड चर्चा चालते, अकाली मोडणाऱ्या भागांवर ती क्वचितच होते. कदाचित डिझेलचा दर रोज डोळ्यांसमोर असतो म्हणून असेल.

राज्य परिवहन महामंडळासारख्या, दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथे स्वतःच्या मध्यवर्ती कार्यशाळा असलेल्या संस्थेची स्थिती तत्त्वतः निराळी असते. दुरुस्ती करणारा आणि तिची फळे भोगणारा तेथे एकच असतो. अशा कार्यशाळांचे इतर दोष कितीही असोत, हबात कोरडे बेअरिंग बसविल्याचा तोटा त्यांना दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही. एक-दोन गाड्यांच्या मालकाला स्वतःची कार्यशाळा परवडणार नाही हे खरे. पण त्या व्यवस्थेतील एक गोष्ट त्याला उचलता येईल, ती म्हणजे कामाची नोंद.

मालवाहतूकदारांच्या संघटना भाड्याच्या दरासाठी चक्काजाम करू शकतात, तर त्यांनी गॅरेजवाल्यांशी एवढे ठरविण्यास हरकत नसावी: ॲक्सलच्या बिलात बेअरिंग धुणे व वंगण भरणे ही बाब स्वतंत्र ओळीत, स्वतंत्र मजुरीसह यावी. मजुरी वेगळी मिळाली की मिस्त्र्याला वेळ देणे परवडेल आणि मालकाला त्या वेळी समोर उभे राहण्याचा अधिकार येईल. कोणते ग्रीस वा ऑईल, किती, आणि कोणत्या तारखेला, हे त्याच ओळीत लिहावे. गाडी सुटल्यावर पहिल्या तीस-चाळीस किलोमीटरनंतर ड्रायव्हरने थांबून दोन्ही बाजूंच्या हबांजवळ हात नेऊन पाहावे. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्टपणे अधिक तापली असेल तर गाडी तशीच पुढे न दामटता गॅरेजला कळवावे. आणि त्या खोळंब्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हे काम देतानाच बिलाच्या पाठीवर लिहून घ्यावे.